बल्बखालचा बेडूक

नौपाड्यातल्या ‘शुभांगण’ सोसायटीचे सेक्रेटरी मधुकर ओगले यांनी आपल्या कारकिर्दीत दोन ठराव एकमताने मंजूर करून घेतले होते. एक, संपूर्ण इमारत झुरळमुक्त करणे. दुसरा, मासेवाल्यांना फाटकाच्या आत सक्त मनाई. हे दोन्ही ठराव एका बेडकामुळे आपल्याच अंगावर येणार आहेत, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ओगल्यांनी ते इतिवृत्तातसुद्धा घेतलं नसतं.

बेडूक पावसाळ्यात ओगल्यांच्या मोरीतून आला आणि राहिला. घरात मूलबाळ नव्हतं. त्याला कुणी हाकललं नाही. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात ठाण्याच्या मानाने कडक थंडी पडली, तसा तो त्याच्यासाठी आणलेल्या काचेच्या पेटीतल्या मातीत तोंड खुपसून दगडासारखा पडून राहिला. हा जातो आता, असं वाटून ओगल्यांनी पेटीच्या एका कोपऱ्यावर चाळीसचा बल्ब टांगला, माती ओली ठेवली आणि भोवती स्वतःची शाल गुंडाळली.

“माझ्या गुडघ्यांना कधी साधी गरम पाण्याची पिशवी दिली नाहीत,” त्यांच्या पत्नी कलावतीबाई म्हणाल्या.

“तू बोलून दाखवतेस. तो बोलत नाही.”

“म्हणूनच जमतंय तुमचं.”

बेडूक तरतरीत झाला. आणि भुकेला. गारठून निजून राहिला असता तर त्याला भूकच लागली नसती. ऊब दिली की खायलाही द्यावं लागतं, हे ओगल्यांच्या उशिरा ध्यानात आलं. शिवाय जे हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नव्हतं. त्यांनी पोळीचा तुकडा दोऱ्याला बांधून नाचवून पाहिला. सभासद सेक्रेटरीकडे पाहतात तसं बेडकाने त्यांच्याकडे पाहिलं. आणि झुरळ तर, ठरावानुसार, इमारतीत औषधालाही उरलं नव्हतं.

म्हणून ओगले रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला, कोपरीच्या मासळीवाल्यांकडे गेले. अलीकडच्या बाजारात कुणी ना कुणी ओळखीचं भेटलंच असतं.

“जिवंत कोलंबी आहे का? बारीक. खायला नकोय.”

“मंग काय पूजेला?” मनुबाई कोळीण म्हणाली.

त्यांनी वाकून हळूच खरं सांगितलं. मनुबाई इतकी हसली की शेजारणी विळ्या थांबवून बघायला लागल्या. पण का हसली ते तिने एकीलाही सांगितलं नाही. तेव्हापासून जाळ्यातली वळवळती कोलंबी ती खाडीच्या पाण्यात वेगळी काढून ठेवी आणि ओगले दिसले की विचारी, “काय रं दादा, पोर जेवला का तुजा?” आई गेल्यापासून ओगल्यांना अरे-तुरे करणारं कुणी राहिलं नव्हतं. ते घरी येईपर्यंत खुशीत असत. एकदा त्यांनी ऐटीत आपल्या सोसायटीचं नावही तिला सांगून टाकलं.

जानेवारीत ते आठवडाभर तापाने पडले. कलावतीबाई तर कोलंबीचं नुसतं नाव काढलं तरी नाकाला पदर लावायच्या. रविवारी सकाळी फाटकाशी गलका ऐकू आला म्हणून ओगले मफलर गुंडाळून खाली उतरले. चेअरमन आठल्ये, मागे चार सभासद आणि मधोमध हातात डबा घेतलेली मनुबाई.

“दादा! बरा हायेस ना? म्हटलं पोर उपाशी असंल, म्हणून मीच आनलं.”

“ओगले, ही मासे घेऊन आलीय,” आठल्ये म्हणाले. “तुमच्याकडे, म्हणते. *तुमच्याकडे?*”

‘बेडकासाठी’ एवढा एक शब्द पुरे होता. फार तर लोक हसले असते. ओगल्यांनी तो शब्द ओठांपर्यंत आणला, आठल्यांच्या मागचे चार चेहरे पाहिले आणि गिळला.

“मी ओळखत नाही हिला,” ते म्हणाले. आणि सवयीने वर, “आत सोडली कुणी?”

मनुबाईने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग आठल्यांना म्हणाली, “माजंच घर चुकलं. दुसरा कोन तरी असंल.” आणि डबा घेऊन गेली.

“अंमलबजावणी म्हणतात ती ही,” म्हणत आठल्यांनी ओगल्यांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्यांना रात्रीपर्यंत जाणवत होती.

कलावतीबाईंनी सगळं खिडकीतून पाहिलं होतं. ओगले वर आले तशी त्यांनी खिडकी लावून घेतली. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बेडूक बल्बखाली टक्क जागा होता. ओगल्यांनी पेटीत हात घातला तर त्याने बोटावरच झडप घातली.

दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाच ते कोपरीला गेले.

“मनुबाई, काल मी...”

तिने डब्यात कोलंबी ओतली, वर पाणी घातलं, झाकण लावलं. “घ्या, साहेब.”

“अगं, माझं ऐकून तरी...”

“जिती हाय, साहेब. मागं गिऱ्हाईक उभं हाय, जरा वाट द्या.”

परतताना फाटकात आठल्ये भेटले. “डबा कसला हो?”

“दूध,” ओगले म्हणाले. आत कोलंबी झाकणावर टकटक करत होती.

बेडूक पोटभर जेवला. कलावतीबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“काय म्हणाली ती?”

ओगल्यांनी पेटीभोवतीची शाल विनाकारण सारखी केली.

“साहेब म्हणाली.”