कपाटातल्या नकाशाची घालमेल

मित्रांनो, मी एका बागेचा जुना नकाशा आहे. वय विचारू नका, कडा पिवळ्या पडल्यात, एवढं पुरे. मला काढणाऱ्याने प्रत्येक झाड, प्रत्येक बाक, अगदी फाटकाजवळचा नळसुद्धा मन लावून दाखवला. पहिली काही वर्षं मी बागेच्या दारातच होतो. मुलं माझ्यावर बोट ठेवून घसरगुंडी शोधायची. काय थाट होता माझा!

मग बागेत उंदीर झाले. उंदीरवाले काका जिथे विषाच्या वड्या ठेवत, तिथे माझ्या अंगावर लाल टाचणी टोचत आणि कोपऱ्यात विषाचं नाव लिहीत. दुखायचं, पण मी हूं की चूं केलं नाही. लोक सावध राहतील, एवढंच मनात होतं.

बागेच्या साहेबांना मात्र घाम फुटला. "या टाचण्या बघून बागेत येणार कोण? उगाच बोभाटा नको," म्हणाले आणि मला कार्यालयातल्या कपाटात कोंबलं. काका अजूनही दर सोमवारी टाचण्या बदलतात. माहिती अगदी ताजी, आणि बघायला कुणी नाही! माझा नुसता तिळपापड होतो.

मागच्या महिन्यात एक शिवणकाम करणाऱ्या काकू धापा टाकत आल्या. त्यांच्या ढोल्या नावाच्या कुत्र्याने फाटकाजवळच्या झुडपात काहीतरी खाल्लं होतं.

"अहो बाई, तिथे विष ठेवलंय का? कुठलं? डॉक्टर खोळंबलेत!"

"साहेब जेवायला गेलेत. अर्ज लिहून ठेवा," कारकूनबाई म्हणाल्या.

"अर्ज कसला? माझं लेकरू तिकडे टेबलावर पडलंय हो!"

मी आत तडफडत होतो. टाचणी बरोब्बर तिथेच होती! नशीब, तेवढ्यात काका रिकामा डबा न्यायला आले. त्यांनी आपल्याजवळच्या किल्लीने कपाट उघडलं. काकूंनी विषाचं नाव तळहातावर लिहून घेतलं आणि धूम ठोकली. ढोल्या थोडक्यात वाचला. नंतर साहेब काकूंना म्हणाले, "नकाशा उद्याच बाहेर लावतो." तो उद्या अजून उजाडलेला नाही.

आज पुन्हा सोमवार. तळ्याकाठच्या बाकामागे बिळं वाढलीत, म्हणून साहेबांनी तिथे वड्या ठेवायला लावल्या. टाचणी टोचताना काकांचा हात थबकला. काकू रोज पाचला त्याच बाकावर बसतात आणि ढोल्या मागे माती उकरतो.

"बाई, आज तरी याला बाहेर टांगा," काका म्हणाले.

"साहेब आले की विचारते हं."

काका पुढच्या बागेच्या कामाला गेले. कपाट बंद झालं. आत्ताच घड्याळात साडेचारचा ठोका पडला.

मित्रांनो, तुमच्या बागेतही असं विष असेल. ते कुठे ठेवलंय, हे कार्यालयात जाऊन विचारा, अजिबात लाजू नका. आणि माझं काय व्हायचं ते होवो, आधी कुणीतरी त्या बाकाकडे धावा. ढोल्याला सरळ उचलून घ्या. जड आहे तो, पण तेवढं कराच.