बाहेरचा बाक

"खराब माल निघाला, की आधी त्याला लाल टॅग लावायचा. झाकून ठेवला म्हणून तो चांगला होत नाही."

सासऱ्यांचं हे वाक्य सुमेधानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं, नासलेलं दूध लपवताना. सदाशिवरावांची हयात आकुर्डीच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेली. घरातही तोच खाक्या.

आता त्यांच्याच आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली होती, आणि ती मात्र सगळ्यांनी झाकली होती. दवाखान्यात गेलं की बाबा बाहेर बाकावर. डॉक्टरांपुढे बसायला सुमेधा आणि तिचा नवरा मिहिर. "बाबा हाय खातील," त्यानं बजावलं होतं. त्यांना सांगितलं, अल्सर आहे.

हाय त्यांनी न सांगताच खाल्ली. ताटात अन्न उरू लागलं, पेपरची घडी मोडेना. एक दिवस कारखान्यात मापं घ्यायचा, जिवापाड जपलेला व्हर्निअर शेजारच्या समाधानला देऊन आले.

गुरुवारी सुमेधा पूजेला बसली. कुणासाठी, कशासाठी उपवास धरतोय, हे ती संकल्प सोडताना नेहमी स्पष्ट बोले. आज ओठांतच पुटपुटली.

मागून बाबा म्हणाले, "देवाला सांगतेस ते मला सांग."

पळीतलं पाणी तसंच धरून ती वळली. देवापुढे बसून खोटं बोलणं तिच्यानं होईना. तिनं सांगितलं, कर्करोग हा शब्दही न गाळता.

बाबा निरांजनापाशी येऊन बसले. मग विचारलं, "केवढी आहे?"

"चौतीस मिलिमीटर. कुठं पसरलेली नाही. ऑपरेशन करू म्हणतात."

"अगं, मग एवढ्याशा पार्टापायी घरात सुतक कशाला धरलंत?" आवाज कापत होता, पण तपासणाऱ्याचा होता. "पुढच्या खेपेला आत मी बसणार. शब्द दे."

तिनं शब्द दिला, आणि पाणी ताम्हनात सोडलं.

दुपारी त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. 'उसना दिला होता' म्हणत समाधानकडून व्हर्निअर परत आणला. चाकणहून आलेला मिहिर बायकोवर चिडला, तर त्यालाच विचारलं, असा माल तुझ्या कंपनीत पुढं ढकलशील का? मिहिर मान खाली घालून त्यांच्या शेजारी बसला. असा सासरा आपल्या वाट्याला आला, या विचारानं सुमेधाचा ऊर भरून आला.

डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेला तिनं दिवा लावला, बाबांच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या, आणि रिक्षा बोलवायला जिना उतरली.