पहिलं काम अध्यक्षांच्या घरी

चष्मेवाली संशयी होती, आणि त्याची तिला लाज नव्हती. गिऱ्हाईक म्हणालं, "सगळं स्वच्छ दिसतंय," की ती अक्षरांचा तक्ता बदलून पुन्हा वाचायला लावायची. लोक तक्ता पाठ करून येतात, हा तिचा अनुभव. त्यामुळे गावातल्या सेवा क्लबाने पन्नासाव्या वर्षानिमित्त क्लबचा इतिहास लिहायला तिलाच सांगितलं, तेव्हा तिच्या मनात लगेच पाल चुकचुकली. गावात प्राध्यापक आहेत, वकील आहेत. मग क्लबात कालपरवा आलेल्या आपल्यालाच हे बोलावणं का?

"अहो ताई, तुमचे बाबा पहिले अध्यक्ष," क्लबचा सध्याचा अध्यक्ष म्हणाला. हा पेट्रोल पंपाचा मालक. "तुमच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा?"

बोलणं गोड होतं, पण गडी तिच्याकडे न बघता वर, बाबांच्या घराच्याच पुढच्या खोलीत थाटलेल्या तिच्या दुकानाच्या छताकडे बघत होता. नजर चुकवतोय मेला, असं तिने मनाशी म्हटलं आणि काम घेतलं. नाही म्हटलं असतं तर खरं काय ते कळलं नसतं.

इतिहास तसा सरळ होता. रक्तदान, बसथांब्यावरची शेड, आजाऱ्यांना वापरायला दिलेल्या खाटा आणि चाकाच्या खुर्च्या. पण एक गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. दरवर्षी नवा अध्यक्ष झाला की क्लबचं पहिलं काम त्याच्या घरी. सगळे सभासद शिडी घेऊन जातात, छत ठाकठीक करतात, मग गावाच्या कामाला लागतात. पंपवाल्याच्या बंगल्याला पक्का स्लॅब, त्याला काय धाड भरली होती? तरी सगळे वर चढले, झाडलोट केली, चहा ढोसला आणि उतरले.

समाजसेवा म्हणे. आधी आपल्या पोळीवर तूप, मग गाव. तिने वकिलाला विचारलं, तो म्हणाला, "प्रथा आहे." दातांच्या डॉक्टरने उत्तरादाखल चहा मागवला. तिसरा नुसताच हसला आणि म्हणाला, "सुतारकाकांना विचारा." सगळ्यांचं एकमेकांत काहीतरी ठरलेलं होतं. ती क्लबच्या खोलीत शिरली की चाललेलं बोलणं थांबायचं.

आणि मग तो फोटो. खोलीच्या भिंतीवर सगळ्यात जुना, खाली लिहिलेलं, 'क्लबचे पहिले कार्य'. शिडीवर माणसं, खाली टोपी घातलेले तिचे बाबा, आणि मागे एक खिडकी. खिडकीचा एक गज वाकडा. तो गज आजही तसाच वाकडा होता, कारण ती खिडकी तिच्या स्वयंपाकघराची होती.

म्हणजे ही खाबूगिरी बाबांनी सुरू केली? हेडमास्तर असताना पोरांच्या आयांनी आणलेली लिंबंसुद्धा परत पाठवणारा माणूस. "फुकटचं घेतलं की मान खाली जाते," हे ऐकत ती मोठी झाली, आणि त्या एका वाक्यावर तिने नवऱ्यामागे एकटीने दुकान आणि घर ओढलं. तेच खोटं निघालं तर मग राहिलं काय? आणि खरं असेल तर ते तिला स्वतःच्या हाताने लिहावं लागणार होतं.

सुतारकाका क्लबच्या संस्थापकांतले एकटेच उरलेले. रंधा बाजूला ठेवून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"काका, स्पष्ट सांगा. बाबांनी क्लबच्या माणसांकडून आपलं घर दुरुस्त करून घेतलं की नाही?"

"घेतलं."

ती उठलीच.

"बस खाली. बापासारखी अर्धवट ऐकून उठू नकोस," काका म्हणाले. "त्या साली वादळात तुमचं छप्पर उडालं. तू दोन वर्षांची, खोकून खोकून निळी पडायचीस. आम्ही मित्रांनी पत्रे नेऊन दिले, मास्तरने परत पाठवले. पुन्हा नेले, पुन्हा परत. वर ताडपत्री बांधून बसला शहाणा. मग आम्ही इथेच, या दुकानात बसून क्लब काढला."

"छपरासाठी?"

"नाहीतर आम्हाला कुठली आलीय समाजसेवा? नियम केला, पहिलं काम अध्यक्षाच्या घरी. आणि मास्तरला अध्यक्ष केला. त्याने भर सभेत नियमाला विरोध केला, म्हणाला, अध्यक्षाचं घर शेवटी. मतदान घेतलं. त्याचा एकट्याचा हात वर. मग मीच म्हटलं, मास्तर, नियम म्हणजे नियम. त्याचंच वाक्य होतं ते. जन्मभर पोरांना ऐकवलं, त्या दिवशी त्याला ऐकावं लागलं."

ती डोळे पुसत हसली. मग संशय पुन्हा जागा झाला. "त्यांना कळलं होतं?"

"त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पण पुढे दरवर्षी नव्या अध्यक्षाच्या छपरावर पहिला तोच चढायचा. गुडघे गेले तरी."

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरात छतावर पसरत पार दुकानापर्यंत गेलेल्या ओलीखालचं पातेलं रिकामं केलं. ही गळती तिने कुणाला सांगितली नव्हती. शेजाऱ्याने पत्रा बदलून देतो म्हटलं, तर त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं.

पुढच्या सभेत ती इतिहासाची पहिली पानं वाचून खाली बसते न बसते, तोच पंपवाला उठला. "येत्या वर्षाच्या अध्यक्षपदासाठी मी ताईंचं नाव सुचवतो."

सगळे हात वर गेले. तिने सुतारकाकांकडे पाहिलं, तर काका छताकडे बघत होते. तेव्हा कुठे तिला पंपवाल्याची ती नजर आठवली. छतावरची ओल बघत होता तो.

तिचा चेहरा तापला. माझ्या घरात डोकावायचा यांना काय अधिकार? ती ताडकन उठली. "माझी एक सूचना आहे. यापुढे अध्यक्षाचं घर शेवटी."

"मतदान घेऊ," वकील शांतपणे म्हणाला.

तिने हात वर केला. खोलीत दुसरा एकही हात वर नव्हता. सगळे खाली बघत होते, हसू दाबत, पोरांनी खोडी काढून बसावं तसे. हात तसाच वर धरून ती उभी राहिली, आणि त्या दिवशी बाबा असेच उभे असताना त्यांना काय कळलं असेल, ते तिला कळलं. त्यांना सगळं कळलं होतं.

तिने हात खाली घेतला.

"रविवारी या," ती म्हणाली. आवाज फुटत होता, तो तिने फुटू दिला. "शिडी मी धरते."