दगडांखाली ठेवलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि मी वाळवंटात राहते. हसलात तरी चालेल. इथे येणारा प्रत्येक पाहुणा आधी हसतो, मग माझ्यात चढून बसतो आणि फोटो काढून घेतो. तळं माझ्यापासून पायी तासाभराच्या अंतरावर आहे. वारा दक्षिणेकडून आला की त्याचा खारट वास येतो. बाकी माझा आणि पाण्याचा आता काही संबंध उरलेला नाही.

मी मूळची कैरोजवळच्या फयूम भागातली, कारून तळ्याच्या दक्षिण काठावरची. उस्ताद मुर्सी नावाच्या सुताराने मला घडवलं. फासळ्या बाभळीच्या, फळ्या तुतीच्या, सांध्यांत ठासून भरलेला कापूस आणि वरून काळं डांबर. मुर्सीचा हात चांगला होता, तोंड मात्र फाटकं. कुरनी आणि रातिबा हे नुकतं लग्न झालेलं कोळ्याचं जोडपं मला न्यायला आलं, तेव्हा तो म्हणाला, "नीट ऐका. होडी म्हणजे काही बैठकीतलं कपाट नाही. हिला सतत पाणी लागतं. सुकली की मेली."

"आणि बुडली तर?" कुरनीने विचारलं.

"बुडली तर काढता येते रे गाढवा. सुकून उललेलं लाकूड कोण शिवणार? तू?"

रातिबा पदराआड हसली. त्याच दिवशी तिने मला पाण्यात लोटलं.

आमच्या तळ्यावर पुरुष जाळं टाकतो आणि बायको वल्हवते. तीस वर्षं रातिबाने मला वल्हवलं. बसायची तिची जागा ठरलेली, आणि जोर लावताना उजवी टाच रोवायची फासळीही ठरलेली, मधली. तिथे घासून घासून एक गुळगुळीत खळगा पडला होता, बरोबर तिच्या टाचेच्या मापाचा. माझ्या सगळ्या अंगात मला तोच सर्वांत जास्त आवडायचा. त्यांना हिंद नावाची मुलगी झाली, आणि तेव्हापासून कुरनी रातिबाला उम्म हिंद म्हणायचा आणि ती त्याला अबू हिंद. म्हणजे हिंदची आई, हिंदचा बाप.

"उम्म हिंद, जरा डावीकडे घे."

"घेतली. डावं-उजवं मला कळतं. मासा कुठे आहे ते तुला कळतंय का, तेवढं बघ."

"तू गप्प बसलीस तर मासा जवळ येईल ना!"

"मी गप्प बसले तर तुला झोप लागेल."

असं दिवसभर चालायचं. दुपारी ते माझ्यातच मक्याची पातळ भाकरी आणि खारवलेला मासा खायचे, डब्यात काळा चहा उकळायचे. तेव्हा तळ्यात बोरी होता, बोल्टी होता, आणि मूसा नावाचा चपटा मासा तर इतका गोड की कैरोहून लोक तो खायला यायचे.

शुक्रवारी पाहुणे असत. तळ्याच्या उत्तर काठापलीकडे, वाळवंटात, दिमेहचं पडकं शहर आहे. मातीच्या विटांच्या उंच भिंती आणि आत मगरदेवाचं देऊळ. ते पाहायला आलेल्या लोकांना आम्ही पलीकडे सोडायचो. ते चालत जायचे, आणि उन्हाने भाजून परत यायचे. एकदा कैरोचे एक शाळामास्तर परत आले ते डोकं खाजवतच.

"बाई, त्या शहराच्या पायथ्याशी दगडी धक्का आहे हो! होड्या बांधायचा! आणि पाण्याचा पत्ताच नाही, सगळी वाळू."

"तळं निघून आलं, मास्तर," रातिबा म्हणाली. "धक्का मागे राहिला. तळ्याला पाय असतात, दगडाला कुठे असतात?"

"पुढच्या खेपेला ही होडी डोक्यावर घेऊन जा," कुरनी म्हणाला. "बांधून या तिथे. धक्क्यालाही बरं वाटेल."

तिघंही पोट धरून हसले. मीही हसले असेन. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

मग तळं बिघडलं. साऱ्या फयूमच्या शेतांचं खारं सांडपाणी आमच्याच तळ्यात येतं आणि इथून पुढे त्याला जायला वाट नाही. पाणी वर्षावर्षाला जास्त खारट होत गेलं. मग माशांच्या अंगावर बारीक किडा दिसू लागला. मासा मेला, उरला तोही कोणी विकत घेईना. एकेक घर उठलं आणि दक्षिणेला, अस्वानजवळच्या मोठ्या तळ्यावर मजुरीला गेलं. शेजारच्या होड्या लोकांनी फोडून चुलीत घातल्या. मी रात्रंदिवस त्यांच्या शेजारी राहिलेली होडी, मला ते बघावं लागलं.

कुरनी म्हणाला, "मीही जातो. तू चल. होडी देऊन टाकू."

"तू जा," रातिबा म्हणाली. "मी येत नाही आणि होडीही जात नाही."

"काय करणार आहेस तिचं? लोणचं?"

"होय, लोणचंच घालणार आहे. होडी राहिली तर तुला परत यायला काहीतरी असेल. होडी गेली की तू तिथेच दुसऱ्याची जाळी ओढत म्हातारा होशील, आणि मी इथे दाराकडे बघत."

ते घर पुन्हा एक होणार की नाही हे माझ्यावर ठरलं होतं, मित्रांनो. होडीच्या आयुष्यात याहून मोठं काम ते कोणतं?

दुसऱ्या दिवशी दोघांनी मला बुडवलं.

दचकू नका. बुडवणं म्हणजे मारणं असं फक्त काठावरच्या लोकांना वाटतं. आमच्याकडे होडी बरेच दिवस वापरायची नसेल तर ती अशीच ठेवतात. दोघांनी मला कमरेइतक्या पाण्यात नेलं, वल्ही माझ्यातच आडवी बांधली, आणि मला कुशीवर कलतं केलं. पाणी आत आलं. मग रातिबाने काठावरून एकेक गुळगुळीत दगड निवडून आणला आणि माझ्या फासळ्यांवर असा अलगद ठेवला, जसा बाळाच्या अंगावर गोधडीचा काठ सारावा. एकूण एकवीस दगड होते. मी तळाशी टेकले. लाकूड फुगलं, सांधे घट्ट मिटले. इतकं स्वस्थ मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं दर शुक्रवारी रातिबा आली. झगा वर खोचून पाण्यात उतरायची आणि पायाने मला चाचपायची. "आहेस ना गं?" म्हणायची. एखादा दगड सरकला असेल तर नीट करायची. मग तिथेच उभी राहून सगळ्या बातम्या सांगायची. हिंदचं लग्न बेनी सुएफला झालं. अबू हिंदचे गुडघे दुखतात, पण कबूल करत नाही. तिसऱ्या वर्षी वसंतात ती जवळजवळ धावतच आली.

"बोरीची पिल्लं दिसलीत गं! लोक म्हणतात किडा कमी झालाय. अबू हिंदला फोन केला. हंगाम उघडला की येतोय तो. मी हिंदच्या बाळंतपणाला चाललेय, चाळीस दिवस. आले की तुला वर काढते."

चाळीस दिवस, मित्रांनो. दोन वर्षं थांबलेल्या होडीला चाळीस दिवस म्हणजे काय? मी मोजायलाही घेतले नाहीत.

त्याच चाळीस दिवसांत नबील बेग आले. ते कैरोचे. दिमेहच्या पायथ्याशी वाळवंटात त्यांनी पाहुण्यांसाठी तंबू टाकले आहेत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. वाईट असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. पाहुण्यांना तळं दाखवायला ते आमच्या काठावर आले. त्या दिवशी पाणी उतरलेलं आणि नितळ होतं, माझी नाळ, म्हणजे पुढचं टोक, वरून दिसत होती.

"अगं बाई! बिचारी होडी!" एक पाहुणी हळहळली.

"टाकून दिली असणार," नबील बेग म्हणाले. "आपल्या लोकांना कशाची किंमत आहे का? थांबा, हिला आपण वाचवू."

काठावरची घरं हाकेच्या अंतरावर होती. एका दारात बायका भाकरीचं पीठ मळत होत्या. एक हाक पुरली असती. त्यांनी हाक मारली नाही. माणसं बोलावली, माझ्यावरचे दगड एकेक करून काठावर फेकले, दोर लावून मला ओढलं. मी बाहेर आले तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मला टाळ्या मिळाल्या.

मला ट्रकवर घालून इथे आणलं. डांबर खरवडून काढलं, कारण त्याला वास येतो. मला निळा रंग दिला, नाळेवर दोन डोळे रंगवले. आधी मला डोळे नव्हते तेच बरं होतं. पाहुण्यांना आत मांडी घालून ऐसपैस बसता यावं म्हणून मधल्या दोन फासळ्या करवतीने कापल्या आणि वर लाल गाद्या टाकल्या. वल्ही फुलीसारखी बांधून तंबूच्या दाराशी उभी केली. मग ऊन आपल्या कामाला लागलं. पहिल्या आठवड्यात सांधे उघडले, दुसऱ्या आठवड्यात कापूस गळाला, आणि एका दुपारी माझी तळची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी फुटली. आवाज मोठा झाला. एका पाहुण्याने दचकून चहा सांडला.

नबील बेग मात्र रोज संध्याकाळी मला कसं वाचवलं ते सगळ्यांना सांगायचे. लोक माझ्यावरून हात फिरवायचे. कौतुक, कौतुक आणि कौतुक! त्या कौतुकाने मला जीव नकोसा झाला.

रातिबा आली ती तंबूचं सामान आणणाऱ्या ट्रकमध्ये बसून. रिकाम्या जागेवर फेकलेले दगड पाहून तिने गावात विचारलं होतं. ती उतरली आणि थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. निळ्या रंगामुळे तिने मला ओळखलं नसेल असं वाटलं, पण तिने ओळखलं.

"ही माझी होडी आहे," ती नबील बेगना म्हणाली.

"तुमची? अहो बाई, ही तळ्यात सडत पडली होती. आम्ही वाचवलं हिला."

"सडत नव्हती, ठेवली होती. वर दगड होते ना?"

"होते. आम्हीच काढले."

"ते दगड काय पोहत येऊन तिच्यात बसले असं वाटलं तुम्हाला, बेगसाहेब?"

नबील बेग यांचा चेहरा पडला. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा. माझा ट्रक देतो, माणसं देतो."

माझ्या अंगात जीव आला. मित्रांनो, क्षणभर मला खरंच वाटलं की मी चालले. रातिबा माझ्यात चढली, तिच्या जागेवर बसली, आणि सवयीने तिने उजवी टाच पुढे केली. टाच गादीत रुतली. तिने गादी उचलून बाहेर टाकली. जिथे फासळी असायची तिथे हात फिरवला. मग त्या कापलेल्या टोकांवरून बोट फिरवलं, आणि तळच्या चिरेत चार बोटं घातली. बोटं आरपार गेली, वाळूपर्यंत.

"दुरुस्त होईल की," नबील बेग हळूच म्हणाले. "एखादा चांगला सुतार बघू."

"सुतार मेला," रातिबा म्हणाली. "सुकली की मेली, हे त्यानेच सांगितलं होतं."

मग तिने फोन काढला.

"अबू हिंद? हो, आले. हिंद बरी आहे, बाळ बरं आहे. हो, होडी बघितली." ती थांबली. "नाही, पाण्यात नाही. अरे, ऐक ना. तू तिकडेच राहा. नको, येऊ नकोस. कशाला? कशात बसून जाणार आहेस? नाही रे, रडत नाहीये. इथे वारा आहे, वाळू गेलीय डोळ्यात."

तिने फोन ठेवला, खाली उतरली, आणि तंबूच्या दाराशी जाऊन फुलीसारखी बांधलेली वल्ही सोडली. कोणी तिला अडवलं नाही. दोन्ही वल्ही खांद्यावर टाकून ती वाळूतून तळ्याच्या दिशेने चालू लागली. ट्रक सोडायला येईल म्हणून नबील बेग मागून हाका मारत होते, तिने वळूनही पाहिलं नाही. तेवढ्यात एक पाहुणी तंबूतून धावत बाहेर आली. "किती सुंदर!" असं म्हणून तिने रातिबाचा पाठमोरा फोटो काढला.

आता मी इथेच आहे. दिमेहचा तो दगडी धक्का माझ्यापासून चार पावलांवर आहे. कुरनीची थट्टा खरी झाली. शेकडो वर्षांनी त्या धक्क्याला होडी मिळाली, पण मला त्याचा आणि त्याला माझा काही उपयोग नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी फिरायला निघाल. तळी बघाल, पडकी शहरं बघाल, आणि एखादी जुनी वस्तू बघून तुमचं मन भरून येईल. भरून येऊ द्या. पण तिला हात लावण्याआधी जवळच्या घरात जा आणि विचारा, ही कोणाची? तुमच्या जीव लावण्यापेक्षा मला त्या एका प्रश्नाची जास्त गरज होती. आणि नितळ पाण्याखाली दगडांचं ओझं घेऊन निजलेली एखादी होडी दिसली, तर तिला निजू द्या. मला कोणी टाकून दिलं नव्हतं. मला कोणीतरी, कोणासाठीतरी, जपून ठेवलं होतं.