जुनंच दुखणं

मिस्त्रींनी उभा जन्म बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात घालवला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस दार बडवायला लागला, की आधी पाना उचलायचा नसतो, आधी धीर द्यायचा असतो, हे त्यांना नोकरी लागल्या लागल्याच कळलं होतं. ते दाराच्या फटीला तोंड लावून ओरडत, "घाबरू नका! हिचं जुनंच दुखणं आहे!" जुनं म्हटलं की आतला माणूस गप्प व्हायचा. जुनं म्हणजे कुणाला तरी ठाऊक असलेलं, दुरुस्त होणारं. लिफ्ट कालच बसवलेली असली तरी मिस्त्री बेधडक हेच सांगत. पुढे ही सवय घरातही शिरली. बोट चेपलं, ताप चढला, बायको गेली तेव्हा डोळे सुजले; मुलीने विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, जुनंच आहे."

आता ते परदेशात मुलीकडे राहायला आले होते. निघण्याआधी तिने पाहुण्यांसाठीचा प्रवासी विमा हट्टाने काढला, तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "मला काय धाड भरलीय?" आणि एका सकाळी टेबल पुसता पुसता छातीत अशी कळ आली, की ते पुसायचं फडकं हातात घेऊनच हॉस्पिटलात पोचले.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, असं आधी कधी झालं होतं का? मिस्त्रींना त्यांची भाषा येत नव्हती, म्हणून मुलगी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. असले चेहरे मिस्त्रींनी दाराच्या फटीतून खूप पाहिले होते. त्यांना राहवलं नाही.

"घाबरू नकोस. जुनंच दुखणं आहे."

मुलीच्या जिवात जीव आला. आणि तिने ते शब्दाला शब्द डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बाईंनी लगेच टाइप करून घेतलं.

इथेच माशी शिंकली. हृदयाची रक्तवाहिनी मोकळी झाली, मिस्त्री चालू-फिरू लागले, आणि घरी सोडायच्या दिवशी बिलाच्या खिडकीवरची बाई मुलीला समजावू लागली. बाई गोड बोलणारी होती, म्हणून तर जास्त भीती वाटली. हॉस्पिटलने बिल विमा कंपनीला पाठवलं होतं. कंपनीने कागद मागवले, त्यात पेशंटचंच म्हणणं सापडलं. विमा नव्या आजाराला. आधीपासूनच्या आजाराला एक छदामही नाही. शिवाय हे झालं फक्त खोलीचं आणि औषधांचं. डॉक्टरांचं बिल वेगळं, तपासण्यांचं वेगळं, रुग्णवाहिकेचं आणखी वेगळं. ती आपापली घरी येतील.

"आणि हे सगळं कुणी भरायचं?" मिस्त्रींनी मुलीला विचारलं.

मुलीने खिडकीतून पुढे आलेल्या बिलाच्या कागदावर सही केली. घर घ्यायचं म्हणून तिने आणि जावयाने पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते. ते घर मिस्त्रींना गेल्याच रविवारी बाहेरून दाखवलं होतं, त्यांची खोलीसुद्धा.

गाडीत तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा. माझ्यापासून लपवलंत ना?"

"देवाशपथ नाही. याआधी कधी दुखलंच नव्हतं."

"मग जुनं का म्हणालात?"

"तू घाबरली होतीस."

मुलीने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. "आणि मी शहाणी, तसंच्या तसं सांगत बसले!"

कंपनीने फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. ठीक आहे, म्हणाले, तिकडच्या डॉक्टरांचा दाखला आणा, आधी असं काही नव्हतं असा. पण मिस्त्री डॉक्टरकडे गेलेच होते कधी? कोपऱ्यावरचा औषधवाला गोळी द्यायचा, दाखला नाही. कधी आजारी पडले नाहीत म्हणून कागद नाहीत, आणि कागद नाहीत म्हणून ते आजारीच होते. बरं, परत जावं म्हटलं, तर डॉक्टरीणबाईंनी विमानात बसायला सक्त मनाई केलेली. बरं झाल्याशिवाय परत जायचं नाही, आणि इथे पुन्हा आजारी पडायचं नाही, कारण याच दुखण्याला कंपनी आता दारातही उभं करणार नव्हती. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदाच दाराच्या आतल्या बाजूला होते. ते जिना चढताना श्वास मोजत, जेवताना दोन घास कमी खात, हसणंही त्यांनी आवरतं घेतलं होतं.

एका दुपारी मुलगी पुन्हा कंपनीला फोन लावून बसली होती. तिकडून नुसतं संगीत वाजत होतं. समोर बसलेल्या मिस्त्रींच्या छातीत तीच कळ उठली, त्याच जागी. त्यांनी हात छातीवर नेला नाही, मुद्दाम गुडघ्यावर ठेवला. पण कपाळावरचा घाम कुठे लपवणार?

"बाबा? दुखतंय?"

मिस्त्रींना ते घर दिसलं, रविवारचं, त्यांच्या खोलीसकट.

"काही नाही गं," ते म्हणाले. "जुनंच आहे."

हे वाक्य ते जन्मभर खोटंच बोलत आले होते. आज ते खरं होतं.

तेवढ्यात फोनवरचं संगीत थांबलं आणि कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणू लागलं. मुलीने फोन तसाच टेबलावर ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली.

"उठा."

"अगं, पण बिल..."

"उठा म्हणते ना!" तिचा चेहरा पुन्हा पांढराफटक पडला होता. तिने त्यांच्या काखेत हात घातला. "घाबरू नका, बाबा."

तिला धीर द्यावा असं मिस्त्रींना फार वाटलं, पण द्यायला आता वाक्यच उरलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने चपलेत पाय घातले.