वाडग्याचं पहिलं सालपट

पौषातलं ऊन उतरणीला लागलं होतं. नरेंद्राच्या डोंगरावरून ते सावकाश खाली आलं. काजूच्या राईतून, कोलगावच्या तांबूस पायवाटेवरून, सगुण मेस्त्रीच्या कारखान्याच्या कौलांवरून. पीतवर्ण, कृशतनु, करुण असं ते ऊन. एका फुटक्या कौलातून ते आत उतरलं आणि लेथच्या पोलादी पाठीवर हात ठेवून उभं राहिलं.

कारखाना म्हणायचा, एवढंच. दहा हातांची खोली, एक लेथ, एक पंप, आणि फळीवर कातायच्या राहिलेल्या वाडग्यांची मौन रांग.

सगुण उंबऱ्याबाहेर बसला होता. पस्तीस वर्षं ज्या उंबऱ्याच्या आत तो राजा होता, त्याच्याच बाहेर, कुणी परका येऊन बसावा तसा. धुळीत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. छातीत लाकूड बसलंय, असं ते म्हणाले होते. फणसाची पीत धूळ, शिवणीची श्वेत धूळ, पांगाऱ्याची तलम, मृदू, मायावी धूळ. तीन तपं तिने त्याच्या श्वासात घर केलं होतं. आता श्वासच भाडेकरू झाला होता.

आत शेवंती होती. त्याची बायको, आणि आता त्याचे हात. लग्न होऊन आली तेव्हापासून फिरत्या लाकडावर लाखेचा रंग चढवणं तिचं काम. लाल, पिवळा, हिरवा. कांडी टेकवली की रंग वितळायचा आणि लाकूड नवरीसारखं उजळायचं. लेथवर लाकूड कातणं मात्र त्याचं होतं. गेल्या पावसाळ्यापासून ती तेही शिकत होती आणि तो उंबऱ्यावरून शिकवत होता, शब्द थोडे, बोटांच्या खुणा जास्त.

पंप त्याने बेळगावच्या जुन्या बाजारातून आणला होता. वाडगा कातून झाला की उपडा करून त्याच्या बुडाला आकार द्यायचा असतो, आणि तेव्हा त्याला धरायचं कशाने? खिळा मारावा तर भोक राहतं. हा पंप हवा ओढून घेई, आणि वाडगा रबरी कडेवर नुसत्या पोकळीच्या बळावर चिकटून राही. काही नसण्याने धरून ठेवलेला. गावाने आधी चेष्टा केली, मग बघायला रांग लावली.

पण गेल्या आठवड्यात ती पकड सुटली. फिरता वाडगा शेवंतीच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. त्या रात्री सगुणच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तो एवढंच म्हणाला, पंप साफ करायला हवा.

"आदी धा मिन्टां चलव," उंबऱ्यावरून तो म्हणाला. "थंड तेल भायर पडणा नाय."

तिने पंप चालवला. तो घरघरला, कण्हला, तापला. मग तिने तो बंद केला, खाली ताटली धरली आणि बुडाचा स्क्रू फिरवला. तेल आलं. मंद, जड, कृष्णवर्ण तेल. त्यात उन्हाचा कवडसा पडला आणि बुडाला.

"तेल कसा दिसता गो?"

"काळा."

"काळाच दिसतला. आठ म्हयने झाले."

आठ महिने. म्हणजे तो शेवटचा आत आला होता तेव्हापासूनचे. तिने नवं तेल थोडं ओतलं, फिरवलं, काढून टाकलं. पुन्हा ओतलं, पुन्हा फिरवलं. दुसऱ्या खेपेला ते सोनेरीच बाहेर आलं. झाकण उघडून तिने आतली पाती एकेक करून काढली, मऊ कापडाने पुसली आणि ज्या खाचेतली त्याच खाचेत सरकवली. जागा बदललेली चालत नाही, हे त्याने दोन बोटं एकमेकांवर फिरवून, मग मान हलवून सांगितलं. तिला कळलं. तीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्या बोटांची भाषा आली नाही तर कुणाला येणार?

मग गाळणी. पंपाला हवा जाण्याच्या वाटेवर त्याने दोन गाळण्या बसवल्या होत्या, एक जाड, एक बारीक. धुळीचा कण आत गेला तर यंत्राचा घात होतो म्हणून. दर शनिवारी तो त्या झटकायचा, धुवायचा, उन्हात ठेवायचा. आजारी पडेपर्यंत एकही शनिवार चुकला नाही. घरात सुतक असतानाही चुकला नाही.

शेवंतीने बारीक गाळणी उघडली. आत धूळ दडपून बसली होती, थरावर थर. वरचा पांढरा, खालचा पिवळा, त्याखाली लाखेचा पुसट तांबडा. तिने बोट लावलं. केवढी मऊ होती ती! आणि तिच्या मनात आलं, हे एवढं इथे अडलं. जे अडलं नाही ते कुठे गेलं?

तिला राग आला. असा राग की हातातली गाळणी फेकून द्यावी.

"ह्या यंत्राक दोन दोन गाळणी लावलात," ती म्हणाली, "आनि सोताच्या नाकार साधो फडको बांधूक तुमका जमला नाय!"

तो हळूच म्हणाला, "नाक झाकला तर लाकूड बोलणा नाय गो."

हाच त्याचा हट्ट, हाच त्याचा धर्म, हीच त्याची चूक. नवा वाडगा लेथवर चढला की पहिलं सालपट तो डोळे मिटून हुंगायचा. कुठलं झाड, ओलं की सुकं, कातताना तडकेल की निभावेल, सगळं त्याला वासाने कळे. लोक पैज लावत आणि हरत. तेवढंच आता त्याचं म्हणून उरलं होतं. हात गेले होते, छाती गेली होती. नाक होतं, तोवर तो कातारी होता.

तिने गाळण्या धुतल्या, सुकवल्या, बसवल्या. नवं तेल पंपाच्या काचेवरच्या खुणेपर्यंत भरलं. पंप सुरू केला. आता तो कण्हला नाही. एकसुरात, स्वच्छ, निरोगी श्वास घेत राहिला. तिने लेथच्या तोंडावर तळवा ठेवला आणि पोकळीने तो घट्ट धरला. पंपावरचा दाबाचा काटा वर चढला. उंबऱ्याबाहेर सगुणची छाती शीळ घालत होती. उंबऱ्याच्या आत-बाहेर एकाच वेळी दोन श्वास चालले होते, आणि तिला फक्त एकच दुरुस्त करता आला होता.

फळीवरचा मागचा वाडगा तिने काढला. बुडावर कोळशाने लिहिलं होतं, 'शि'. शिवण. अक्षर त्याचंच, आजारापूर्वीचं, ठाम. तिने तो उपडा चढवला, पंपाने तो धरला. पटाशी उचलून ती उभी राहिली, तेवढ्यात त्याने तिला हाताने बोलावलं.

खांद्यावरचा पंचा त्याने उतरवला. तिच्या नाकातोंडावरून नेऊन मागे गाठ मारू लागला. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"हात तुझे, नाक माझा," तो म्हणाला. "पयला सालपट माका आणून दी."

ज्याने आयुष्यभर स्वतःचं नाक झाकलं नाही, त्याने तिचं झाकलं. पंच्याआड ती रडली, ते त्याला दिसलं नाही.

लेथ फिरला. पटाशी टेकली. बुडावरून सालपट निघालं, लांब, वळणदार, दुधाळ पांढरं, आणि त्याच्या कडेने त्या अक्षराची कोळशाची काळी रेघ. यंत्र थांबवून ती बाहेर आली. त्याने आधीच डोळे मिटले होते, ओंजळ पुढे केली होती. तिने सालपट ओंजळीत ठेवलं.

तो हुंगत राहिला. एकदा. पुन्हा एकदा. कपाळाची शीर फुगली. ऊन त्याच्या मिटल्या पापण्यांवर थबकलं. मग चेहरा हळूहळू सैलावला आणि ओठांवर जुनं, पैज जिंकणारं हसू आलं.

"फणस," तो म्हणाला. "बरो सुको फणस."

शेवंतीच्या हातांना शिवणीची पांढरी धूळ अजून लागलेली होती.

"व्हय," ती पंच्याआडून म्हणाली, "फणसच."

आणि त्याने डोळे उघडण्याआधी, अगदी हलकेच, तिने ते पांढरं सालपट त्याच्या ओंजळीतून काढून घेतलं.