तबकाखालची चुंबळ

"नाच पोटाचा, आणि तुम्हा सगळ्यांचा जीव डोक्यात," मावशी म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.

मेकअपच्या खोलीत लांब आरशासमोर डोक्यावर घालायच्या वस्तूंचा बाजार मांडला होता. नाण्यांच्या कपाळपट्ट्या, कापडी फुलं, मण्यांची जाळी, दोन गंगावनं, शिवाय पिसांचा एक तुरा. तो आजवर कोणी लावला नव्हता आणि कोणाच्याने टाकवलाही नव्हता. बेली डान्सच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम संध्याकाळी होता. वर्ग आईचा. आई गेल्या थंडीत गेली, आणि त्यानंतर लेक या थिएटरच्या रस्त्यालाही फिरकली नव्हती.

आज आली होती ती भिंगरीमुळे. भिंगरी आईची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. दिवसभर बँकेत काउंटरवर बसायची आणि संध्याकाळी वर्गात येऊन गिरक्यांची सगळी थकबाकी एकदम वसूल करायची, म्हणून आईने तिला हे नाव ठेवलं होतं. आता वर्ग तीच चालवत होती. शेवटचा नाच, डोक्यावर मेणबत्त्यांचं तबक घेऊन करायचा, तो इतकी वर्षं फक्त आई करायची. आज तो भिंगरी करणार होती.

"केस मला करता येतात हो ताई," तिने फोनवर सांगितलं होतं. "तबकाखालचं तेवढं येत नाही. बाईंनी सगळं शिकवलं, ते नाही शिकवलं. विचारलं की म्हणायच्या, ते लेकीचं खातं."

त्यावर लेकीने येते म्हणून सांगितलं होतं.

"पहिल्या नाचाला मोकळेच सोडते," भिंगरी आरशात बघत म्हणाली. तिचे केस दाट, कमरेपर्यंत. गंगावनांची गरज नव्हती.

"ओढणी घेऊन नाचायचंय. अडकतील. वरचे बांध, खालचे सोड," लेक म्हणाली.

"बाई सगळे मोकळे सोडायच्या."

"सोडायची, आणि मग ओढणी ओढून काढताना शिव्या घालायची. तुम्हाला समोरून हसू दिसायचं. मला विंगेतून बाकीचं ऐकू यायचं."

मावशी खुदकन हसली. आईची धाकटी बहीण ती; वर्गाचे सगळे पोशाख तिच्याच सुईखालून जायचे. "शिव्या तर काय शेलक्या! टेलिफोनवर दिवसभर गोड बोलायची ना, साठून राहायच्या बिचारीच्या."

मधल्या ढोलाच्या नाचाला मात्र केस मोकळे हवेत, यावर एकमत झालं. मान झटकली की पाठोपाठ केस आले पाहिजेत, नाहीतर बाईला झटका आल्यासारखं दिसतं. कपाळपट्टी रुंद घ्यायची की नाजूक, यावर थोडी वादावादी झाली. लेकीने नाजूक पट्टी उचलली आणि तिची इलॅस्टिकची दोरी केसांच्या आतून मागे नेऊन बांधली. दोन्ही कानशिलांपाशी एकेक काळी पिन लावली. पट्टी घसरून डोळ्यांवर आली की नाचणारी दरोडेखोर दिसते, हे आईचं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"आणि हा?" भिंगरीने पिसांचा तुरा डोक्यावर धरला.

"घाल की," मावशी म्हणाली. "पहिल्या रांगेतला कोणीतरी उठून तुला दाणे टाकेल."

हे सगळं होईपर्यंत बरं चाललं होतं. मग भिंगरी म्हणाली, "आता शेवटचं करून बघू या का? एकदा खात्री झाली की माझा जीव खाली पडेल," आणि ती स्टुलावर बसून मान खाली घालून वाट बघू लागली.

लेक तिच्यामागे उभी राहिली. आरशापासूनचं अंतर तेच, स्टूल तेच, आणि खाली तिच्या हातांच्या उंचीवर एक बाईमाणसाचं डोकं. आईला केस करून घेताना झोप लागायची. कार्यक्रमाला अर्धा तास उरलेला असो की पाच मिनिटं, लेकीची बोटं माथ्यावर फिरली की आईची मान हळूहळू जड व्हायची आणि सगळं डोकं मागे, तिच्या तळव्यांत येऊन पडायचं. कोमट, विश्वासाने सोडून दिलेलं. आईचा फोटो घरात होता, आवाज मोबाइलमध्ये होता. ते वजन कुठेच नव्हतं.

तिने पाण्याचा हात फिरवला आणि कामाला लागली.

काम तसं साधं होतं, फक्त कोणाला दिसायचं नाही. डोक्यावर ओझं घेणारी बाई खाली फडक्याची चुंबळ करून ठेवते, तशीच ही केसांची चुंबळ. माथ्यावरचे केस वेगळे घेऊन त्यांची चपटी वेणी घालायची, ती माथ्याभोवती गोल फिरवायची आणि पिनांनी जखडायची. पिन आधी उलटी खुपसायची, खालचे केस तिने पकडले की मग सुलटी फिरवून आत सारायची. म्हणजे भूकंप झाला तरी ती हलत नाही. वरून जाळी, जाळीवर रुमाल, रुमालावर नाण्यांची पट्टी. तबकाच्या तळाला मधोमध खळगा होता, तो वेणीच्या त्या कड्यावर बरोबर बसायचा. लोकांना वाटायचं, नुसत्या तोलावर राहिलंय. तोल लागायचाच, पण तोलालाही बूड लागतं.

लेकीचे हात भरभर चालत होते. तिने काही ठरवलं नव्हतं, काही आठवलंही नव्हतं. रुमालाची गाठ मारून तिने तबक उचललं. त्यातल्या मेणबत्त्या सेलवर चालणाऱ्या होत्या. खऱ्या ज्योतींना थिएटरच्या मॅनेजरने केव्हाच बंदी घातली होती. त्यावर आईने त्याला सुनावलं होतं, की जी विझू शकत नाही तिला सांभाळायची कशाला?

"ऊठ. सावकाश चाल."

भिंगरी उठली. चार पावलं गेली असेल नसेल, तबक उजवीकडे निसटलं. मावशीने मांडीवरचा घागरा टाकून ते झेललं.

"मान सरळ ठेव," लेक म्हणाली.

"सरळच होती."

पुन्हा ठेवलं. पुन्हा उजवीकडेच घसरलं.

"ताई, माझं काही चुकतंय का?"

लेकीने रुमालावरून कड्याभोवती बोट फिरवलं. उजवीकडून मागे, मागून डावीकडे. डावीकडे बोट चढलं. तिथे वेणीचं टोक दुमडून, दुहेरी करून, नीट दाबून बसवलेलं होतं. कोणी सांगितलं नसताना.

आई नाचायला लागली ती चाळिशीत. त्याच्या आधी आणि नंतरही, निवृत्त होईपर्यंत, ती एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर बसायची. रिसिव्हर डावा कान आणि खांदा यांच्यात दाबून धरायचा, म्हणजे हात लिहायला मोकळे. होता होता फोन ठेवला तरी मान उचलायची ती विसरू लागली. डोकं कायमचं किंचित डावीकडे कललं. बघणारे म्हणायचे, काय अदा आहे! आई म्हणायची, अदा कसली डोंबलाची, टेलिफोन आहे तो. वर्गातल्या नव्या मुली आरशासमोर उभ्या राहून ती कलती मान घोकायच्या. तबक मात्र अदेला भुलत नाही. म्हणून लेकीने पहिल्याच वर्षी डावी बाजू उंच करायची युक्ती काढली होती, आणि मग ती युक्ती हातात इतकी मुरली की युक्ती राहिलीच नाही.

आज तिच्या हातांनी तिला न विचारता आईचं डोकं बांधलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "ही आईच्या मानेची झाली."

भिंगरी आरशात तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तबक स्वतःच उचलून डोक्यावर ठेवलं, खांदे सैल सोडले, आणि मान डावीकडे कलती केली. थोडीशी. फोनवर पलीकडचं माणूस काय म्हणतंय ते ऐकावं तशी.

तबक बसलं. खळगा कड्यावर टेकल्याचं लेकीला बघूनच कळलं.

चेहरा तबकाच्या सावलीत गेला होता. दिसत होता तो रुमाल, नाण्यांची पट्टी, मानेवर सुटलेली एक बट आणि तो कल. लेक जिथे नेहमी उभी असायची तिथेच उभी होती. तिचे हात आपोआप वर आले आणि त्या डोक्याच्या मागे, न टेकता, थांबले.

"अगं बाई," मावशी हळूच म्हणाली. आणि गप्प झाली. मावशी गप्प झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

"राहू दे, ताई," भिंगरी म्हणाली. "मला येतंय हे. इतकी वर्षं बघत्येय. एवढा एक नाच बाईंच्या मानेने करते. लोकांनाही आवडेल. आणि तुम्हाला..." पुढचं तिने सोडून दिलं.

हो म्हणायला काय लागत होतं? एक गाणं. विंगेत उभं राहायचं, प्रकाश मागून आला असता, चेहरा दिसला नसता. गाणं संपेपर्यंत आई नाचत असती.

"फिरून दाखव," लेक म्हणाली.

भिंगरी फिरली. तबक हललं नाही. कंबर चालत होती, पोटावरची लाट वरून खाली नीट उतरत होती. पण जबडा आवळलेला होता आणि मानेची शीर दोरीसारखी उभी राहिली होती. लेकीला आईची परीक्षा आठवली. डोक्यावर काही ठेवून कोणी नाचत असलं की आई मध्येच एखादा भलताच प्रश्न टाकायची. डोक्यावर काय आहे हे नाचणारीला आठवत राहिलं, की ते पडलंच म्हणून समज, असं तिचं म्हणणं.

"घराला कुलूप लावलंस का?" लेकीने विचारलं.

"हं?" ओठ न हलवता भिंगरी म्हणाली. डोळे वर, तबकाच्या काठाकडे.

उत्तर मिळालं होतं. तरी लेक म्हणाली, "आणखी एकदा फीर."

हे काही तपासण्यासाठी नव्हतं. ते तिला ठाऊक होतं आणि बहुधा मावशीलाही, कारण मावशी नको तितकी वाकून सुईत दोरा ओवत होती. भिंगरी पुन्हा फिरली. या वेळी लेकीने फक्त मानेकडे बघितलं. पाठ वळली, खांदा वळला, तो कल आरशात आला आणि आरशातून गेला. तिने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर तेवढं कमी बघायला मिळालं असतं.

"बस खाली," ती म्हणाली.

"पण जमतंय की ताई!"

"मान जमत्येय. नाच कुठे गेला? तू नाचायचं सोडून आई सांभाळत बसलीयेस. ते काम तुझं नाही. बस."

तिने तबक उतरवलं. पट्टी सोडली, रुमाल, जाळी. मग एकेक पिन. शेवटी डावीकडचं दुमडलेलं टोक उरलं, त्यावर तिने जरा वेळ अंगठा ठेवला. मग तेही सोडवलं. वेणी उलगडली तरी केस तो गोल आकार धरून बसले होते. तिने वाडग्यातल्या पाण्यात हात बुडवला आणि माथ्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला, केस सरळ होईपर्यंत.

मग तिने दोन्ही तळवे भिंगरीच्या डोक्यावर ठेवले आणि चाचपून बघितलं, जसं पहिल्यांदाच बघायला हवं होतं.

"तुझं डोकं मागून चपटं आहे."

"आमच्या आईची कृपा. सदा पाठीवरच निजवायची म्हणे."

"ताटासारखं आहे अगदी," मावशीला कंठ फुटला. "तबक तिथेच ठेवा की, पुढे कशाला?"

"मावशी, मी बँकेत असते हं. तुमचा चेक कधीतरी माझ्याकडेच येणार आहे."

लेकीने नवी वेणी घातली. दुमडलेलं टोक या वेळी मागे गेलं, चपट्या जागेवर. पिना उलट्या गेल्या, सुलट्या फिरल्या. मध्ये दोनदा हात सवयीने डावीकडे वळले आणि दोनदा तिने ते परत आणले.

"ऊठ."

भिंगरी उठली, चालली, फिरली. तबक होतं तिथेच होतं.

"घराला कुलूप लावलंस का?"

"अय्या!" भिंगरी गर्रकन वळली. "लावलं का मी? थांबा, फोन कुठाय माझा? ह्यांना विचारते," आणि ती टेबलावरचे रुमाल, फुलं, पिसं उपसत, वाकत, फोन शोधू लागली. डोक्यावरचं तबक तिच्याबरोबर गुपचूप हिंडत होतं.

मावशी डोळे पुसत हसत होती. त्यातलं हसू किती, ते विचारायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी शेवटच्या नाचाआधी चुंबळ पुन्हा नव्याने बांधून लेक विंगेत उभी राहिली. पडद्याच्या कडेला, नेहमीच्या जागी. प्रकाश मागून आला. भिंगरीची मान ताठ होती, थोडी उर्मटच. काउंटरवर फाटक्या नोटा परत करताना असते तशी. हा नाच आईचा नव्हता. एका ठिकाणी आई थांबायची तिथे भिंगरी थांबली नाही, पुढेच गेली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवल्या. मग हात खाली आले आणि तिला कळेना, त्यांचं आता काय करायचं. तळवे अजून ओलसर होते, बोटांना केसांवरच्या स्प्रेचा चिकटपणा होता.

नाच चालू राहिला. लेक बघत राहिली.

"मान अवघडेल तुझी," मागून मावशी कुजबुजली. "कशी उभी आहेस बघ. सरळ हो."

लेकीने डाव्या कानापाशी हात नेला. खांदा अगदी जवळ होता.

"असू दे," ती म्हणाली. "गाणं संपेपर्यंत असू दे."